इंग्लंडमध्ये फ्लॅट घेताना: लीजहोल्ड आत्ताच घ्यावे, की कॉमनहोल्डची वाट पाहावी?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. मी आणि माझी पत्नी रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो आणि आता दोन बेडरूमचा फ्लॅट विकत घेण्याच्या विचारात आहोत. एक फ्लॅट मनात भरला आहे, पण त्याचा मूळ भाडेपट्टा ९९ वर्षांचा असून त्यातली ८३ वर्षे उरली आहेत. जमीनभाडे वर्षाला ३०० पौंड असून ते दर दहा वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढते, आणि सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा आकार, त्याखेरीज आहे.

आम्ही दोघेही पुण्यात वाढलो. पूर्ण किंमत मोजायची, पंचवीस-तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यायचे, मुद्रांक शुल्क भरायचे, आणि एवढे करून कागदोपत्री आपण कोणा अनोळखी कंपनीचे दीर्घ मुदतीचे भाडेकरूच राहायचे, हे काही केल्या गळी उतरत नाही. सरकार आता लीजहोल्ड, म्हणजे ही भाडेपट्ट्याची पद्धत, मोडीत काढून कॉमनहोल्ड आणणार असल्याचे वाचतो. माझे प्रश्न दोन आहेत. कॉमनहोल्डमध्ये प्रत्यक्षात काय बदलते? आणि त्यासाठी थांबण्यात शहाणपण आहे का? कृपया अनुभव सांगावेत.

टेम्सकाठी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, बाकीचे जाणकार भर घालतीलच.

लीजहोल्डमध्ये इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची म्हणजे जमीनमालकाची असते. तुम्ही ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा हक्क विकत घेता. मुदत संपली की घर मालकाकडे परत जाते, त्यामुळे पट्टा जसजसा आखूड होतो तसतशी तुमच्या मालमत्तेची किंमत झिजते. इमारतीचा विमा कोणाकडून घ्यायचा, जिना कधी रंगवायचा, देखभालीचे कंत्राट कोणाला द्यायचे हे सारे मालक किंवा त्याने नेमलेला एजंट ठरवतो. बिल मात्र तुमच्या दारात येते. थकबाकी ३५० पौंडांपेक्षा जास्त झाली किंवा तीन वर्षांहून अधिक काळ राहिली, तर मालक पट्टाच रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो. असे क्वचित घडते, पण त्या धाकावर पुष्कळ वसुली होते.

कॉमनहोल्डमध्ये प्रत्येक फ्लॅटचा मालक हा त्या फ्लॅटचा कायमचा, मुदतीविना मालक असतो. जिने, छप्पर, लिफ्ट, आवार वगैरे सामाईक भाग एका संघाच्या मालकीचे असतात आणि त्या संघाचे सभासद फक्त फ्लॅटमालकच होऊ शकतात. जमीनभाडे नाही, मुदत नाही, पट्टा जप्त होण्याची भीती नाही. खर्च मात्र असतो आणि तो सभासदांनीच अंदाजपत्रक करून आपापसांत वाटून घ्यायचा असतो.

खोडसाळ

म्हणजे सातासमुद्रापार जाऊनही कूळ ते कूळच. कूळकायदा तेवढा तिकडे उशिरा पोचला. कसेल त्याची जमीन होऊन गेली, आता राहील त्याचे घर!

दिवाणी_दावा

खोडसाळ यांचा विनोद वाटतो त्यापेक्षा अचूक आहे. त्याकडे पुढे कोणीतरी वळेलच.

फ्लॅटसाठी लीजहोल्डच का रूढ झाले, हे समजल्याशिवाय कॉमनहोल्डचे महत्त्व कळत नाही. इंग्लंडच्या कायद्यात एक जुनी अडचण आहे. फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, जमीन विकताना "अमुक करू नये" असे बंधन घातले, तर ते पुढच्या खरेदीदारांवरही लागू करता येते. परंतु "अमुक करावे", म्हणजे पैसे खर्च करून काही दुरुस्त करावे, असे बंधन घातले तर ते पुढच्या खरेदीदाराला बांधत नाही. १८८५ मध्ये ऑल्डहॅमच्या एका दाव्यात हे तत्त्व पक्के झाले आणि १९९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) ऱ्होन विरुद्ध स्टीफन्स या खटल्यात ते कायम ठेवले. त्या खटल्यात मोठ्या घराच्या छपराचा काही भाग शेजारच्या कॉटेजवर आला होता. छप्पर नीट राखण्याचे वचन मूळ मालकाने खरेदीखतातच दिले होते. पुढे घर दुसऱ्याच्या हाती गेले, छप्पर गळू लागले, आणि न्यायालयाने सांगितले की नव्या मालकावर दुरुस्तीची सक्ती करता येत नाही.

हेच पाच मजली इमारतीला लावून पाहा. वरच्या मजल्यावरच्याने छप्पर दुरुस्त केले नाही तर खालच्यांनी काय करायचे? भाडेपट्ट्यात मात्र अशी बंधने एका पट्टेदाराकडून पुढच्या पट्टेदाराकडे आपोआप जातात. म्हणून बँका आणि वकील यांनी फ्लॅट म्हटला की भाडेपट्टाच, असा शिरस्ता पाडला. लीजहोल्ड हे काही केवळ सरंजामदारांचे कारस्थान नव्हते. एका खऱ्या अडचणीवरचा तो तोडगा होता, ज्यातून पुढे अनेकांना कमाईची वाट सापडली.

२००२ च्या कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म कायद्याने ही अडचण सरळ सोडवली. प्रत्येक कॉमनहोल्डचा एक नियमपत्र-दस्त असतो आणि त्यातली देण्याची व करण्याची सारी बंधने प्रत्येक नव्या मालकावर आपोआप लागू होतात. २७ सप्टेंबर २००४ पासून हा मार्ग खुला आहे. तरीही दोन दशकांत इंग्लंड आणि वेल्स मिळून वीससुद्धा कॉमनहोल्ड वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. लीजहोल्ड घरे मात्र इंग्लंडमध्ये पन्नास लाखांच्या आसपास आहेत.

औंधची_मधुरा

वरचे वर्णन वाचून मला आमची औंधची इमारतच आठवली. महाराष्ट्रात १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा जवळपास हेच करतो. बिल्डर डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्राचा दस्त, नोंदवतो, प्रत्येकाचा फ्लॅट त्याच्या स्वतःच्या मालकीचा होतो, शिवाय जमिनीत आणि सामाईक भागांत त्याचा टक्केवारीने ठरलेला अविभक्त हिस्सा असतो, आणि देखभालीचा खर्चही त्याच टक्केवारीने वाटला जातो. गृहनिर्माण सोसायटीत तसे नसते. तिथे जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर असते आणि आपण भागधारक सभासद असतो.

मी काही काळ आमच्या असोसिएशनची सचिव होते. रेडिंगकर, तुम्ही पुण्यात वाढलात म्हणता, पण कधी वार्षिक सभेला बसला आहात का? जमीनमालक नाही हे सुख खरेच आहे. पण लिफ्ट बदलायची की दुरुस्त करायची यावर सगळे वर्ष घालवणारे, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली की सुटकेचा निःश्वास टाकणारे, आणि "आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्टचे पैसे का द्यावेत" असे दर सभेत नव्या उत्साहाने विचारणारे सदस्यही त्या सुखासोबत येतात.

खोडसाळ

तळमजल्याचा प्रश्न जिथे-जिथे लिफ्ट आहे तिथे-तिथे असणारच. त्यावर संयुक्त राष्ट्रांनीच काहीतरी करावे.

टेम्सकाठी

मधुराताई, तुमचे म्हणणे मान्य आहे, पण एक फरक लक्षात घ्या. तुमच्या सभेत वाद घालणारा प्रत्येक जण स्वतःच्या खिशातले पैसे खर्च करीत असतो. इथे खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा असतो. आमच्या इमारतीत विम्याचा हप्ता अचानक वाढला तेव्हा त्यातला काही भाग एजंटाचे कमिशन होता, हे आम्हाला अनेक पत्रे लिहिल्यावर कळले. दुरुस्तीच्या कामाचा कोणाही एकाच्या वाट्याचा खर्च २५० पौंडांवर जाणार असेल तर आधी सर्वांशी सल्लामसलत करण्याचे बंधन मालकावर आहे. पण सल्ला ऐकलाच पाहिजे असे त्यात कुठे म्हटले आहे? दाद मागायची तर न्यायाधिकरणाकडे जायचे, आणि अनेक भाडेपट्ट्यांत तर मालकाचा वकिली खर्चही सर्व्हिस चार्जमधून वसूल करण्याची सोय असते. म्हणजे भांडायचे आपण, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांचे पैसे भरायचेही आपणच.

मुलुंडकर

मुंबईचा अनुभव निराळा आहे आणि इथे उपयोगी पडेल. आमच्याकडे १९६३ च्या मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्याने बिल्डरवर सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, करून देण्याचे बंधन घातले. तरी कित्येक बिल्डरांनी ते वर्षानुवर्षे केले नाही, कारण जमीन नावावर राहिली की पुढे वाढणारा एफएसआय, म्हणजे त्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क, हाती राहतो. शेवटी २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आणावे लागले, आणि बिल्डरने सहकार्य केले नाही तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडून जमीन नावावर करून घेता येऊ लागली.

यावरून मला वाटते की पर्याय नुसता उपलब्ध करून भागत नाही. जमीन हातात ठेवण्यात ज्याचा फायदा आहे तो ती आपण होऊन सोडत नाही. इंग्लंडमधल्या बिल्डरला कॉमनहोल्ड बांधण्याची सक्ती नव्हती, म्हणून त्याने ते बांधले नाही. यात आश्चर्य कसले? वाशी-नेरूळकडे तर सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, म्हणून तिथल्या लोकांना रेडिंगकरांचे दुःख लगेच कळेल.

दिवाणी_दावा

मुलुंडकरांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. बिल्डरला लीजहोल्डमध्ये दुहेरी कमाई होती. आधी फ्लॅट विकायचे, आणि मग जमीनभाड्याच्या उत्पन्नासह फ्रीहोल्ड एखाद्या गुंतवणूक कंपनीला विकून टाकायचा. मध्यंतरी तर साधी बैठी व दुमजली घरेही लीजहोल्डने विकली गेली. त्यांपैकी काहींचे जमीनभाडे दर दहा वर्षांनी दुप्पट होत होते, आणि अशी घरे पुढे विकता विकेनात. त्या गदारोळानंतर २०२२ चा कायदा आला आणि ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या भाडेपट्ट्यांत जमीनभाडे शून्यावर आले. बिल्डरचे लीजहोल्डवरचे प्रेम त्यानंतर बरेच ओसरले, हेही सांगितले पाहिजे.

कॉमनहोल्ड मागे पडण्याची आणखी दोन कारणे आहेत. जुनी इमारत कॉमनहोल्डमध्ये रूपांतरित करायची तर २००२ च्या कायद्याप्रमाणे जमीनमालकाची, एकूण एक पट्टेदाराची आणि त्यांना कर्ज देणाऱ्यांचीही संमती लागते. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत एक मालक दुबईत, एक वारलेला आणि त्याचे वारस भांडत असलेले, एक कायम "विचार करून सांगतो" म्हणणारा. शंभर टक्के कुठून आणणार? दुसरे कारण असे की हा साचा साध्या निवासी इमारतीसाठी घडवला होता. खाली दुकाने, मध्ये हॉटेल, वर फ्लॅट अशा आजच्या मिश्र संकुलांना तो पुरा पडत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगाने २०२० च्या अहवालात यावर उपाय सुचवले आणि मार्च २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ते बहुतांशी उचलले. एकाच कॉमनहोल्डमध्ये वेगवेगळे विभाग करून दुकानदारांचे खर्च दुकानदारांनी आणि रहिवाशांचे रहिवाशांनी ठरवावेत, हा त्यांपैकी एक. रूपांतरासाठी निम्म्या पट्टेदारांची संमती पुरेशी धरावी, हा दुसरा.

हिशेबनीस

सर्वांचा सूर एकच लागला आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. मी पेन्शन फंडांचे हिशेब पाहतो. जमीनभाडे हे दीर्घ मुदतीचे स्थिर उत्पन्न म्हणून अनेक फंडांनी योग्य किंमत देऊन विकत घेतले आहे. त्या वेळी कायद्याने ते वैध होते आणि पट्टेदारांनीही सही करताना करार पाहिलेला होता. आता एका फटक्यात ते उत्पन्न कमी करायचे, तर झळ केवळ उमरावांना बसत नाही, निवृत्तांच्या पेन्शनलाही बसते. शिवाय व्यावसायिक मालक असेल तर उंच इमारतीची अग्निसुरक्षा, लिफ्टची तपासणी, विमा ही कामे कोणाच्या तरी अंगावर निश्चितपणे असतात. हौशी संचालकांच्या संघाला हे झेपेल का?

टेम्सकाठी

हिशेबनीस, लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीची आग १४ जून २०१७ ची. त्यानंतर देशभर ज्वालाग्राही क्लॅडिंग (बाहेरच्या भिंतींवरचे आवरण) असलेल्या इमारती सापडत गेल्या, तेव्हा "निश्चितपणे जबाबदार" असलेल्या व्यावसायिक मालकांपैकी अनेकांनी काय केले? दुरुस्तीचा आणि रात्रंदिवसाच्या पहारेकऱ्यांचा खर्च पट्टेदारांच्या बिलात टाकला. मालकी तुमची आणि खर्च आमचा, ही व्यवस्था किती उघडी आहे ते तेव्हा सगळ्यांना दिसले. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने अकरा मीटरहून उंच इमारतींतल्या पात्र पट्टेदारांना संरक्षण दिले ते त्यामुळेच.

हिशेबनीस

तुमचा संताप समजतो, परंतु तुमच्याच उदाहरणातून माझा प्रश्न निघतो. तो कायदा सदोष बांधकामाचा काही बोजा पट्टेदाराकडून काढून जमीनमालकाकडे सरकवतो. कॉमनहोल्डमध्ये वर कोणी मालकच नाही. बिल्डर बुडाला, तर तो बोजा सरकवणार कोणाकडे? शेवटी तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच वाटला जाणार. जमीनमालक हा वाईट का होईना, पण ज्याच्यावर दावा ठोकता येईल असा एक इसम असतो.

दिवाणी_दावा

हा प्रश्न खरा आहे आणि कॉमनहोल्डच्या कट्टर समर्थकांना तो आवडत नाही. राखीव निधी सक्तीचा करणे, विमा सक्तीचा करणे आणि बिल्डरची जबाबदारी दीर्घकाळ टिकवणे, एवढेच त्यावर उपाय दिसतात. पहिले दोन प्रस्तावांत आहेत.

मालमत्तेच्या हक्काविषयी मात्र हिशेबनीसांना न्यायालयाची साथ मिळालेली नाही. २०२४ च्या लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म कायद्याविरुद्ध मोठे जमीनमालक मानवी हक्कांचा आधार घेऊन उच्च न्यायालयात गेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे म्हणणे फेटाळले गेले. आणि इथे खोडसाळ यांच्या कूळकायद्याकडे वळावेसे वाटते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने मुंबई राज्यातली कुळे मालक मानली गेली तेव्हाही हाच वाद होता: करार वैध होता, पैसे मोजले होते, मग सक्तीने कमी मोबदल्यात का द्यावे? इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्याने पट्टेदारांना एकत्र येऊन फ्रीहोल्ड विकत घेण्याचा हक्क दिला, तेव्हा तत्कालीन वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने निषेध म्हणून हुजूर पक्षच सोडला होता. लंडनच्या मेफेअर आणि बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्त्यांतली बरीच जमीन त्यांच्या घराण्याची. आमच्या कोकणातल्या खोतांची भाषाही फार वेगळी नव्हती.

खोडसाळ

बेलग्रेव्हियाचे खोत! हे चांगले आहे. आता त्यांच्याकडूनही कोणी आंब्याच्या पेट्यांची बिदागी मागून घ्या.

आर्थरसीट

स्कॉटलंडचा अनुभव इथे कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे हा प्रश्नच नाही, कारण वीस वर्षांहून अधिक मुदतीचे निवासी भाडेपट्टे १९७४ पासून करता येत नाहीत आणि उरलीसुरली सरंजामी जमीनधारणा २८ नोव्हेंबर २००४ रोजी संपली. मी एडिंबराच्या एका दगडी टेनमेंटमध्ये, म्हणजे अनेक फ्लॅटच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि माझा फ्लॅट पूर्णपणे माझा आहे. छप्पर कोणाचे आणि दुरुस्ती कोणी करायची हे खरेदीखतांत लिहिलेले असते; जिथे लिहिलेले नसते तिथे २००४ चा टेनमेंट कायदा बहुमताने निर्णय घेण्याची पद्धत घालून देतो.

हे ऐकून स्वर्ग वाटेल, पण मालकांचा संघ असलाच पाहिजे अशी सक्ती आमच्याकडे नाही, आणि राखीव निधीचीही नाही. त्यामुळे गटार तुंबून भिंत ओली झाली तरी आठ दारे ठोठवावी लागतात. त्यातली तीन घरे भाड्याने दिलेली असतात आणि मालकांचा पत्ता भाडेकरूंनाही ठाऊक नसतो. जमीनमालक गेला म्हणजे इमारत आपोआप सांभाळली जात नाही. त्या दृष्टीने इंग्लंडचा कॉमनहोल्ड, संघ सक्तीचा असल्यामुळे, कागदावर तरी आमच्यापेक्षा चांगला आहे.

सिडनीची_सून

कागदावरच कशाला? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये स्ट्रेटा टायटलचा, म्हणजे कॉमनहोल्डसारख्याच मालकीचा, कायदा १९६१ पासून आहे आणि आम्ही सारे त्यातच राहतो. प्रत्येक इमारतीचा मालकसंघ असतो, दैनंदिन खर्चाचा निधी आणि भांडवली कामांचा निधी वेगळे ठेवावे लागतात, आणि मोठ्या कामांची दहा वर्षांची योजना करावी लागते. खरेदीपूर्वी त्या इमारतीच्या नोंदी तपासून घेण्याची इथे पद्धत आहे: निधीत किती शिल्लक आहे, कोणते दावे चालू आहेत, गळतीच्या तक्रारी किती. फ्लॅटपेक्षा आधी इमारतीचे इतिवृत्त वाचा, असे इथले जुने लोक सांगतात. भांडणे होतातच. पण जमीनमालक हवा असे म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

मुलुंडकर

पुनर्विकासाचे काय? आमच्याकडे सगळी चर्चा शेवटी तिथेच येते. कॉमनहोल्डची इमारत साठ-सत्तर वर्षांनी मोडकळीला आली आणि पाडायची म्हटले, तर एक जण अडून बसला की संपले का?

दिवाणी_दावा

नाही. सर्वांची संमती असेल तर संघ विसर्जित करून कॉमनहोल्ड संपवता येतो. किमान ८० टक्के सभासदांची संमती असेल तर कोणत्या अटींवर संपवायचा आणि मिळकत कशी वाटायची हे न्यायालय ठरवते. अल्पमतातल्या माणसाला बेघर करताना न्यायालयाची नजर असावी, हे मला योग्य वाटते.

व्हिक्टोरियन_वाडा

रेडिंगकरांच्या मूळ प्रश्नाकडे वळू या, कारण त्यांना घर घ्यायचे आहे आणि आपण खोतांपर्यंत पोचलो आहोत.

मी उत्तर लंडनमध्ये एका जुन्या घराचे चार फ्लॅट केलेल्या इमारतीत राहते. आम्ही चौघांनी मिळून फ्रीहोल्ड विकत घेतला आणि एका कंपनीच्या नावावर ठेवला. आम्ही चौघेच तिचे भागधारक. प्रत्येकाचा भाडेपट्टा नंतर ९९९ वर्षांचा करून घेतला आणि जमीनभाडे शून्य केले. कायद्याच्या दृष्टीने हे अजून लीजहोल्डच आहे, पण व्यवहारात आम्हाला कॉमनहोल्डमधले बहुतेक सारे मिळाले आहे. म्हणून बाजारात "शेअर ऑफ फ्रीहोल्ड" असलेला फ्लॅट दिसला तर तो आधी पाहावा, असे मी सांगेन. मात्र कंपनीचे वार्षिक विवरणपत्र वेळेवर भरले जाते का आणि दुरुस्तीसाठी काही शिल्लक आहे का, हे जरूर पाहा. आमच्याकडे ते काम बरीच वर्षे माझ्याच गळ्यात आहे, कारण बाकीचे तिघे फार सज्जन असून "तुम्ही किती छान करता" एवढेच म्हणतात.

फ्रीहोल्ड विकत घेणे परवडत नसेल तर "राइट टू मॅनेज" आहे. मालकाची चूक सिद्ध न करता, निम्म्या फ्लॅटधारकांना सोबत घेऊन, इमारतीचे व्यवस्थापन रहिवाशांच्या कंपनीकडे आणता येते. २००२ च्या त्याच कायद्यातले हे भावंड मात्र कॉमनहोल्डपेक्षा पुष्कळच चालले.

रेडिंगकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या तपशीलवार उत्तरांची अपेक्षा नव्हती. आमच्यापुरते आता हे नीट कळले आहे की मालक जाण्याने घराची काळजी घेण्याचे काम जात नाही, ते आपल्याकडे येते. आणि ते आम्हाला चालेल. पण थांबायचे किती? नवा कायदा आल्यावर जुने फ्लॅट आपोआप कॉमनहोल्ड होणार आहेत का? आणि ८३ वर्षांचा आकडा किती गंभीर आहे?

दिवाणी_दावा

क्रमाने सांगतो.

जानेवारी २०२६ मध्ये सरकारने विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. नवे फ्लॅट लीजहोल्डने विकण्यावर बंदी, जुन्या पट्ट्यांचे जमीनभाडे वर्षाला २५० पौंडांवर रोखून ४० वर्षांनी शून्यावर आणणे, थकबाकीसाठी पट्टा रद्द करण्याची पद्धत बंद करणे आणि रूपांतर सोपे करणे, अशी त्याची मुख्य कलमे आहेत. तो मसुदा आहे. संसदेतून जाईपर्यंत त्याचे रूप बदलू शकते. आणि जुने फ्लॅट आपोआप बदलणार नाहीत. पुढाकार रहिवाशांनाच घ्यावा लागेल आणि जमीनमालकाला मोबदलाही द्यावा लागेल. त्यामुळे "थांबलो तर हाच फ्लॅट कॉमनहोल्ड म्हणून मिळेल" ही आशा धरू नये. ३०० चे २५० होतील, एवढाच दिलासा त्या मसुद्यातून तुमच्या फ्लॅटला नजीकच्या काळात मिळू शकतो.

८३ हा आकडा गंभीर आहे. पट्टा ८० वर्षांच्या खाली गेला की मुदतवाढ घेताना फ्लॅटच्या किमतीत होणाऱ्या वाढीचा निम्मा वाटा मालकाला द्यावा लागतो. २०२४ च्या कायद्यात हा वाटा रद्द करण्याची आणि ९९० वर्षांची मुदतवाढ देण्याची तरतूद आहे, पण या दोन्ही गोष्टी अजून लागू झालेल्या नाहीत. तोवर १९९३ च्या कायद्याप्रमाणे उरलेल्या मुदतीवर ९० वर्षे वाढवून मिळतात आणि जमीनभाडे शून्य होते. एक गोष्ट मात्र लागू झाली आहे: पूर्वी मुदतवाढ मागण्यासाठी दोन वर्षे मालकी असावी लागे, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली.

हिशेबनीस

आणि विक्रेत्याशी किमतीची घासाघीस करताना मुदतवाढीचा अंदाजित खर्च वजा करूनच बोला. जमीनभाडे फ्लॅटच्या किमतीच्या ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर काही कर्जसंस्था नाक मुरडतात, हेही आपल्या ब्रोकरला आधी विचारून घ्या. जमीनभाड्याच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाचा हा सल्ला आहे, तेव्हा तो निःपक्षपाती समजावा.

औंधची_मधुरा

त्याबरोबर गेल्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब मागा आणि राखीव निधीत किती आहे ते पाहा. सिडनीच्या सूनबाईंनी सांगितले तेच. कायदा कोणताही असो, छपराला पैसे लागतातच.

रेडिंगकर

हिशेब मागवले आहेत. विक्रेता म्हणतो की किंमत कमी करण्याऐवजी मुदतवाढीची नोटीस तोच मालकाला देईल आणि पुढची प्रक्रिया आम्ही पूर्ण करावी. हे सुरक्षित आहे का? दोन वर्षांची अट गेली असेल तर त्याच्या नोटिशीची गरज तरी काय?

दिवाणी_दावा

गरज अशी की नोटीस देण्यासाठी भूमी नोंदणीत तुमचे नाव चढलेले असावे लागते आणि त्याला कित्येक महिने लागू शकतात. विक्रेत्याने खरेदीपूर्वी नोटीस दिली तर मूल्यांकनाची तारीख तिथेच पक्की होते. मात्र त्या नोटिशीचा हक्क फ्लॅटच्या हस्तांतरणासोबत, त्याच वेळी, लेखी तुमच्या नावे करून घ्यावा लागतो. नंतर वेगळा कागद करून भागत नाही. नोटिशीत लिहायची रक्कम विक्रेत्याच्या मर्जीवर सोडू नका, मूल्यांकनकार तुमचा असू द्या. आणि मालकाचा मूल्यांकन व वकिली खर्च आजच्या नियमाप्रमाणे मुदतवाढ मागणाऱ्यालाच भरावा लागतो, तेव्हा तो कोण सोसणार हे विक्रेत्याशी आत्ताच लिहून ठरवा.